अट, अंतर आणि अर्थ : स्पॅनिश संकेतार्थी वाक्यांतील क्रियारूपाची निवड

एखाद्या स्पॅनिश कथेत निरोप्या परत येतो आणि यजमानाला सांगतो : 'दीहो के, सी तेनीआ त्येंपो, बेन्द्रीआ.' दुसऱ्या एखाद्या कथेत तोच निरोप असा येतो : 'दीहो के, सी तुब्येरा त्येंपो, बेन्द्रीआ.' दोन्ही वाक्यांत 'तो म्हणाला', 'वेळ' आणि 'येणे' एवढेच घटक आहेत. फरक आहे तो एका क्रियापदाचा. पहिल्या वाक्यात 'तेनीआ' आहे, दुसऱ्यात 'तुब्येरा'. पहिल्या निरोपाचा मराठी अनुवाद 'वेळ मिळाला तर येईन, असे तो म्हणाला' असा होईल. दुसऱ्याचा बहुधा 'वेळ असता तर आलो असतो, असे तो म्हणाला' असा होईल. पहिला निरोप आश्वासनाचा आहे, दुसरा सभ्य शब्दांतील नकाराचा. यजमानाने ताट वाढून वाट पाहायची की दार लावून घ्यायचे, हे या एका क्रियारूपावर अवलंबून आहे.

इंग्रजीत मात्र या दोन्ही वाक्यांचे भाषांतर एकाच वाक्याने होऊ शकते, कारण त्या भाषेत 'असणे'वाचक क्रियापदाचे साधे भूतकाळी रूप आणि कल्पित अटीचे रूप दिसायला एकच आहे. बरेचसे स्पॅनिश साहित्य मराठीत इंग्रजीच्या वाटेने आले असल्यामुळे हा प्रश्न केवळ परभाषेच्या व्याकरणाचा राहत नाही. तो मराठी वाचकाच्या हाती काय पडते याचा प्रश्न होतो. स्पॅनिश संकेतार्थी वाक्यात क्रियापदाचा कोणता अर्थ केव्हा योजला जातो, ती निवड कोणत्या तत्त्वावर होते आणि मराठीच्या संकेतार्थाशी तिचे नाते कसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. स्पॅनिश उदाहरणे उच्चाराला धरून देवनागरीत दिली आहेत. त्या भाषेत 'ब' आणि 'व' यांच्या लेखनचिन्हांचा उच्चार एकच असल्यामुळे सर्वत्र 'ब' वापरला आहे.

१. परिभाषेविषयी

मराठी व्याकरणपरंपरेत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत या विषयाची चर्चा होत आलेली आहे. स्पॅनिशमधील पहिला अर्थ, म्हणजे विधान करणारा अर्थ, मराठीच्या स्वार्थाशी पुष्कळसा जुळतो. आज्ञार्थाविषयीही अडचण नाही. अडचण आहे ती सब्जंक्टिव्ह या अर्थाची. त्याला 'संकेतार्थ' म्हणण्याचा मोह होतो. परंतु सब्जंक्टिव्हची व्याप्ती अटीपुरती नाही. इच्छा, विनंती, निषेध, भीती, आनंद, अनिश्चित भविष्य अशा अनेक आशयांच्या गौण वाक्यांत तो येतो. उलट, पुढे दिसेल त्याप्रमाणे, अटीच्या सर्व वाक्यांत तो येत नाही. म्हणून येथे सब्जंक्टिव्ह हेच नाव ठेवले असून 'संकेतार्थ' ही संज्ञा मराठी रूपांपुरतीच वापरली आहे. संपूर्ण वाक्यापैकी अट सांगणाऱ्या भागाला 'अटीचे वाक्य' आणि परिणाम सांगणाऱ्या भागाला 'फलवाक्य' म्हटले आहे.

२. तीन पायऱ्या

स्पॅनिशमध्ये अट सांगणारे मुख्य अव्यय 'सी' हे होय. त्याच्या योगाने होणाऱ्या वाक्यांची मांडणी तीन पायऱ्यांत करता येते.

पहिली पायरी मोकळ्या अटीची : 'सी तेंगो त्येंपो, बेन्द्रे' – वेळ मिळाला तर येईन. अटीच्या वाक्यात स्वार्थाचा वर्तमानकाळ आणि फलवाक्यात भविष्यकाळ, वर्तमानकाळ किंवा आज्ञार्थ येतो. अट पुरी होईल की नाही हे वक्ता सांगत नाही. दोन्ही शक्यता समोर ठेवतो.

दुसरी पायरी दूरच्या अटीची : 'सी तुब्येरा त्येंपो, बेन्द्रीआ'. अटीच्या वाक्यात सब्जंक्टिव्हचा अपूर्ण भूतकाळ आणि फलवाक्यात 'रीआ' प्रत्ययाचे रूप येते. काळ मात्र भूत नाही. बोलणे आजचे किंवा उद्याचे आहे. वेळ नाही, किंवा असण्याचा फारसा संभव नाही, असे वक्ता सुचवतो. अट अशक्य आहे असे मात्र तो म्हणत नाही.

तिसरी पायरी मिटलेल्या अटीची : 'सी उब्येरा तेनीदो त्येंपो, आब्रीआ बेनीदो' – वेळ मिळाला असता तर आलो असतो. येथे सब्जंक्टिव्हचे पूर्ण भूतकाळी संयुक्त रूप आहे. प्रसंग होऊन गेला आहे, आता काही बदलणार नाही. फलवाक्यात 'आब्रीआ' ऐवजी 'उब्येरा' हे रूपही शिष्ट भाषेत चालते.

दुसरी आणि तिसरी पायरी एका वाक्यात मिसळू शकतात. 'सी उब्येरा एस्तुद्यादो, आओरा तेन्द्रीआ त्राबाहो' – शिकलो असतो तर आज नोकरी असती. अट काल मिटली आहे, फल मात्र आजचे आहे. म्हणून अटीचे वाक्य तिसऱ्या पायरीवर आणि फलवाक्य दुसऱ्या पायरीवर आहे.

या तक्त्यातून दोन निषेध निघतात. प्रमाण स्पॅनिशमध्ये अट सांगणाऱ्या 'सी'पाठोपाठ सब्जंक्टिव्हचा वर्तमानकाळ येत नाही. 'सी तेंगा' असे म्हणता येत नाही. तसेच भविष्यकाळाचे आणि 'रीआ' प्रत्ययाचे रूपही अटीच्या वाक्यात येत नाही. पाठ्यपुस्तके बहुधा येथवर येऊन थांबतात. हे निषेध का आहेत, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

३. 'शंका' हा निकष का पुरत नाही

सब्जंक्टिव्ह हा शंकेचा अर्थ आणि स्वार्थ हा खात्रीचा अर्थ, अशी व्याख्या वर्गात सोयीची वाटते. परंतु संकेतार्थी वाक्याच्या पहिल्याच पायरीवर ती मोडून पडते. 'सी युएबे, नोस केदारेमोस एन कासा' – पाऊस पडला तर आम्ही घरी राहू. पाऊस पडेल याची वक्त्याला खात्री नाही. म्हणून तर तो 'सी' म्हणतो. तरीही 'युएबे' हे रूप स्वार्थाचे आहे. तीच शंका, तोच पाऊस, परंतु अव्यय बदलून 'एन कासो दे के' असे केले की 'युएबे'च्या जागी 'युएबा' हे सब्जंक्टिव्हचे रूप येते. वक्त्याच्या मनातील शंका अव्यय बदलल्याने वाढलेली नाही. तेव्हा अर्थाची निवड शंकेच्या प्रमाणावर होत नाही, हे उघड आहे.

मग ती कशावर होते? मोकळ्या अटीत वक्ता एक विधान 'धरून चालू' म्हणून समोर ठेवतो. ते खरे आहे असे तो म्हणत नाही, पण ते विधानाच्या थाटातच मांडतो. याचा पुरावा असा की दुसऱ्याने केलेले विधान मान्य करून पुढे जाताना हीच रचना वापरली जाते. 'सी एस तान रीको, के पागे एल' – तो एवढा श्रीमंत असेल, तर पैसे त्यानेच द्यावेत. येथे अटीच्या वाक्यात समोरच्याचा दावाच उचलून घेतलेला आहे. दाव्याला शोभेल असे रूप स्वार्थाचेच. 'एन कासो दे के' ही रचना मात्र विधान करीत नाही. ती एका प्रसंगाचे नुसते नाव घेते, 'तसा प्रसंग आल्यास' एवढेच म्हणते. अशा नामरूप गौण वाक्यांत स्पॅनिश सब्जंक्टिव्ह वापरते.

दुसऱ्या पायरीवर वक्ता आणखी एक गोष्ट करतो. तो धरून चाललेल्या जगापासून स्वतःला बाजूला काढतो : 'असे धरू, पण ते आपले जग नव्हे.' हे अंतर दाखवण्यासाठी भाषा दोन साधने एकत्र आणते. अर्थ बदलून सब्जंक्टिव्ह करते आणि काळ मागे नेऊन भूतरूप करते. म्हणून वर्तमानाविषयी बोलतानाही रूप भूताचे आहे. काळातील मागे जाणे हे वास्तवापासून दूर जाण्याचे चिन्ह होते. तिसऱ्या पायरीवर काळ आणखी एक घर मागे जातो. थोडक्यात, 'सी'च्या वाक्यात प्रश्न शंकेचा नसून अंतराचा आहे, आणि अंतर नसलेल्या अटीत सब्जंक्टिव्हला काम नाही. 'सी तेंगा' हे रूप वर्ज्य का, याचे उत्तर येथे मिळते : त्यात अर्थ विधानापासून दूर गेला आहे, पण काळ जागचा हललेला नाही.

४. मराठी विद्यार्थ्याच्या तीन चुका

मराठी मातृभाषा असलेला विद्यार्थी स्पॅनिश शिकू लागला की त्याच्याकडून ज्या चुका संभवतात, त्या आपल्या भाषेच्या रचनेवर चांगला प्रकाश टाकतात.

पहिली चूक 'असेल तर' या रूपातून येते. 'तुला वेळ असेल तर ये' हे मराठीत स्वाभाविक आहे. अटीच्या वाक्यात भविष्यकाळाचे रूप चालते, कारण ते येथे भविष्य न सांगता अंदाज सांगते. त्याचा शब्दशः अनुवाद केला तर 'सी तेन्द्रास त्येंपो' असे अशुद्ध वाक्य होते. स्पॅनिशला येथे 'सी त्येनेस त्येंपो, बेन' असा साधा वर्तमानकाळ हवा.

दुसरी चूक 'आला तर' या रूपातून येते. 'तो आला तर सांग' यात रूप भूताचे आणि अर्थ भविष्याचा आहे. स्पॅनिशमध्ये स्वार्थाचा साधा भूतकाळ वापरून 'सी बीनो' म्हटले, तर वाक्य अशुद्ध होत नाही, पण अर्थ बदलतो : 'तो आला असेल तर', म्हणजे काल किंवा मघाशी. अशुद्ध वाक्य शिक्षक दुरुस्त करतो. शुद्ध पण वेगळ्या अर्थाचे वाक्य मात्र निसटून जाते, म्हणून ही चूक अधिक धोक्याची आहे. 'तो येईल' या अर्थी 'सी ब्येने' हेच रूप हवे.

तिसरी चूक व्याख्येतून येते. सब्जंक्टिव्ह शंकेचा, असे शिकलेला विद्यार्थी प्रामाणिकपणे 'सी तेंगा' लिहितो. येथे दोष विद्यार्थ्याचा कमी आणि व्याख्येचा अधिक आहे.

या तीन चुकांवरून असे दिसते की मोकळ्या अटीच्या प्रदेशात मराठी स्पॅनिशपेक्षा अधिक बारकावे दाखवते. 'पाऊस पडला तर', 'पाऊस पडत असेल तर', 'पाऊस पडणार असेल तर', 'पाऊस पडलाच तर' – यांतील पुष्कळ छटा स्पॅनिशच्या एका 'सी युएबे'मध्ये सामावतात. मराठीतून स्पॅनिशमध्ये जाताना येथे काही गमवावे लागते. उलट दिशेने येताना काय गमावले जाते, ते पुढे पाहू.

५. मधली पायरी

'सी तुब्येरा दीनेरो, कोंप्रारीआ ला कासा' हे वाक्य घेऊ. याचा सहज सुचणारा मराठी अनुवाद 'पैसे असते तर घर घेतले असते' असा आहे. आता 'सी उब्येरा तेनीदो दीनेरो, आब्रीआ कोंप्रादो ला कासा' या तिसऱ्या पायरीच्या वाक्याचा अनुवाद केला, तर तोही 'पैसे असते तर घर घेतले असते' असाच होतो. मराठीच्या संयुक्त संकेतार्थाला काल, आज आणि उद्या सारखेच. 'वेळ असता तर काल आलो असतो' आणि 'वेळ असता तर उद्या आलो असतो' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. काळाचा निर्णय क्रियारूप करीत नाही, क्रियाविशेषण करते.

याचा परिणाम असा की स्पॅनिशच्या तीन पायऱ्या मराठीत आल्यावर दोनच उरतात. मधली पायरी एक तर वर चढते, किंवा खाली घसरते. खाली घसरली की आशा संपते : स्पॅनिशमधील बोलणारा अजून घराकडे पाहतो आहे, मराठीतील बोलणाऱ्याने घर सोडून दिले आहे. वर चढवून 'पैसे मिळाले तर घर घेईन' असे केले, तर विचार एकदम बेताच्या पातळीवर येतो, आणि मूळ वाक्यातील दुरावा नाहीसा होतो.

विनंतीच्या वाक्यात हा घोटाळा अधिकच स्पष्ट होतो. 'सी पुद्येरास आयुदार्मे, ते लो आग्रादेसेरीआ' हे स्पॅनिशमध्ये अत्यंत सौजन्याचे बोलणे आहे. दूरच्या अटीचे रूप वापरून बोलणारा समोरच्याला नकाराची मोकळीक देतो. त्याचा अनुवाद 'तू मदत केली असतीस तर उपकार झाले असते' असा केला, तर विनंतीचा ठपका होतो. व्याकरणदृष्ट्या दोन्ही रूपे 'कल्पित अटी'चीच आहेत. पण एका संवादात नाते जोडले जाते, दुसऱ्यात तुटते. येथे मराठीला 'मला थोडी मदत करू शकलास तर फार बरे होईल' अशी मोकळ्या अटीची रचनाच योग्य ठरते. स्पॅनिशमधील अंतराचे काम 'शकणे', 'थोडी' आणि 'फार बरे' हे शब्द करतात.

जुन्या वळणाच्या मराठीत 'तू येतास तर बरे होते' असे साधे संकेतार्थी रूप आढळते. आजच्या भाषेत 'असता', 'असते' यांखेरीज या साध्या रूपाचा वापर मर्यादित झाला आहे. शिवाय तेही केवळ दूरच्या अटीपुरते राखीव नव्हते. त्यामुळे मधल्या पायरीसाठी अनुवादकाने त्यावर विसंबून राहणे कठीण आहे. परंतु मराठीजवळ अन्य साधने आहेत. 'समजा, पैसे असले, तर घर घेईन' यात 'समजा' आणि 'असले' मिळून कल्पनेचे अंतर उभे करतात. 'पैसे हाती आलेच, तर घर घ्यावे म्हणतो' यात अवधारणेचा 'च' संभव कमी करतो आणि फलवाक्यातील विध्यर्थ निश्चय सैल करतो. म्हणजे स्पॅनिश जे काम एका क्रियारूपाने करते, ते मराठी अव्यय, निपात आणि विध्यर्थ यांच्या सहकार्याने करू शकते. अट एवढीच की मूळ वाक्य दुसऱ्या पायरीचे आहे हे अनुवादकाला आधी ओळखता आले पाहिजे.

६. भूतकाळातील खरी अट

ओळखण्याची ही अडचण इंग्रजीच्या मध्यस्थीने वाढते. 'सी योबीआ, नोस केदाबामोस एन कासा' हे वाक्य आठवणीचे आहे. पाऊस खरोखर पडत असे, आणि पडला की मंडळी घरी राहत. अटीच्या वाक्यात आणि फलवाक्यातही स्वार्थाचा अपूर्ण भूतकाळ आहे. कल्पित असे काही नाही. 'सी योब्येरा, नोस केदारीआमोस एन कासा' हे वाक्य मात्र दुसऱ्या पायरीचे आहे. पाऊस अजून पडलेला नाही, आणि बहुधा पडणार नाही. इंग्रजीत सवय सांगणारे आणि कल्पित फल सांगणारे साहाय्यक क्रियापद एकच असल्यामुळे या दोन्ही वाक्यांना एकच वाक्य पुरते.

मराठीला येथे काहीच अडचण नाही. 'पाऊस पडला की आम्ही घरीच राहत असू' हा रीतिभूतकाळ पहिल्या वाक्यासाठी तयार आहे, आणि दुसऱ्यासाठी 'पाऊस पडलाच, तर आम्ही घरी राहू' म्हणता येते. ज्या ठिकाणी स्पॅनिश आणि मराठी या दोन्ही भाषा भेद करतात, त्या ठिकाणी मधली तिसरी भाषा तो पुसून टाकते. बालपणीच्या पावसाच्या आठवणी सांगणारा परिच्छेद अशा अनुवादात 'पाऊस पडला असता तर आम्ही घरी राहिलो असतो' असा उतरला, तर वाचकाच्या हाती न घडलेले बालपण येते.

लेखाच्या आरंभी दिलेला निरोपही याच जातीचा आहे. 'तेनीआ' हा येथे कल्पनेचा भूतकाळ नाही. 'सी तेंगो त्येंपो, बेन्द्रे' या मूळ उद्गारातील वर्तमानकाळ, 'तो म्हणाला' या मुख्य क्रियापदामुळे, एक घर मागे सरकलेला आहे; भविष्यातील 'बेन्द्रे' तसाच सरकून 'बेन्द्रीआ' झाला आहे. अंतर वास्तवापासूनचे नसून बोलण्याच्या क्षणापासूनचे आहे. जेथे 'तो म्हणाला' हे शब्दही नसतात आणि निवेदक पात्राच्या मनातील विचार थेट आपल्या भाषेत सांगतो, तेथे 'तेनीआ' की 'तुब्येरा' यावरच पात्राच्या मनातील आशा किंवा निराशा वाचावी लागते. मराठी परोक्ष कथनातही मूळ उद्गाराचा काळ जपत असल्यामुळे हा भेद तिला उत्तम दाखवता येतो.

७. रूपांचा इतिहास

या रूपांची आजची विभागणी पूर्वीपासून अशीच नव्हती. 'तुब्येरा' या नमुन्याची 'रा' प्रत्ययाची रूपे लॅटिनमधील स्वार्थाच्या पूर्ण भूतकाळापासून, म्हणजे 'आमावेराम' या नमुन्यापासून आली. 'मीओ सीद'च्या मध्ययुगीन काव्यात ही रूपे 'केले होते' अशा अर्थाने आढळतात. पुढे ती प्रथम फलवाक्यात आणि मग अटीच्या वाक्यात शिरली आणि सब्जंक्टिव्ह झाली. 'तुब्येसे' ही 'से' प्रत्ययाची रूपे मात्र लॅटिनमध्येही सब्जंक्टिव्हचीच होती. आज अटीच्या वाक्यात दोन्ही चालतात. अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये 'रा' रूपांचे प्राबल्य अधिक आहे. जुन्या अर्थाचा अवशेष वृत्तपत्रीय आणि अलंकृत गद्यात अजून दिसतो : 'एल लिब्रो के पुब्लिकारा' म्हणजे 'त्याने प्रकाशित केलेले पुस्तक'. अशा ठिकाणी 'रा' पाहून 'प्रकाशित केले असते' असा अनुवाद करणे चुकीचे होईल.

'रीआ' रूप मूळचे संयुक्त आहे. क्रियापदाचे मूळ रूप आणि 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाच्या क्रियापदाचा भूतकाळ यांच्या संयोगातून ते तयार झाले. मराठीतील 'येणार होता' याच्याशी त्याची तुलना करता येईल. त्याची जागा कोणत्या अर्थात, याविषयी व्याकरणकारांत दीर्घकाळ मतभेद होते. स्पॅनिश राज-अकादमीची स्थापना १७१३ मध्ये झाली आणि तिचे पहिले व्याकरण १७७१ मध्ये निघाले. त्या परंपरेत हे रूप सब्जंक्टिव्हमध्ये गणले जाई. काराकासमध्ये जन्मलेले आणि चिलीत स्थायिक झालेले आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ मधील आपल्या व्याकरणात ते स्वार्थाचे ठरवले आणि भूतकाळाच्या एखाद्या बिंदूनंतरचा काळ दाखवणारे म्हणून त्याला 'पोस्प्रेतेरितो' असे नाव दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अकादमीने त्यासाठी 'संभाव्य' असा स्वतंत्र अर्थ कल्पिला होता. १९७३ च्या 'एस्बोसो' या नव्या व्याकरणाच्या आराखड्यात ते स्वार्थात आले आणि २००९ च्या 'नव्या व्याकरणा'तही ते तेथेच आहे. आरंभीच्या निरोपातील 'बेन्द्रीआ' बेल्योंच्या मताला पुष्टी देतो : तेथे कल्पना नाही, आहे तो भूतकाळातून पाहिलेला भविष्यकाळ.

आणखी एक रूप लोप पावले आहे. 'सी तुब्येरे' असा सब्जंक्टिव्हचा भविष्यकाळ जुन्या स्पॅनिशमध्ये मोकळ्या अटीसाठी वापरला जाई. आज तो कायद्याच्या कलमांत आणि 'आ दोन्दे फ्वेरेस, आस लो के ब्येरेस' – जेथे जाशील तेथे जे पाहशील तेच कर – अशा म्हणींत उरला आहे. त्याचे काम मुख्यतः स्वार्थाच्या वर्तमानकाळाने उचलले. पोर्तुगीजमध्ये हा भविष्यकाळ अजूनही रोजच्या बोलण्यात आहे. म्हणून गोव्यात पोर्तुगीज शिकून मग स्पॅनिशकडे वळणाऱ्या अभ्यासकाला हा भेद मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो.

बोलीही प्रमाणभाषेचा तक्ता जसाच्या तसा पाळत नाहीत. उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात आणि बुर्गोसच्या परिसरात 'सी तेन्द्रीआ' असे 'रीआ' रूप अटीच्या वाक्यातही ऐकू येते. शिष्टांना ते खटकते. कादंबरीकाराला मात्र त्यातून पात्राचे गाव सांगता येते. त्याचप्रमाणे 'सी लो से, नो बेंगो' हे बोलभाषेतील वाक्य रूपाने पहिल्या पायरीचे, पण अर्थाने तिसऱ्या पायरीचे आहे : 'माहीत असते तर आलोच नसतो.' अंतर दाखवणारी सारी चिन्हे बोलणाऱ्याने येथे टाकून दिली आहेत, आणि त्यामुळेच त्याचा पश्चात्ताप अधिक जवळचा वाटतो.

८. अन्य अव्यये

'सी'खेरीज अटीची इतर अव्यये बहुधा सब्जंक्टिव्हच घेतात : 'कोन ताल दे के' (एवढ्या अटीवर की), 'आ मेनोस के' (असे झाले नाही तर), 'एन कासो दे के' (तसा प्रसंग आल्यास). यांत वर्तमान सब्जंक्टिव्ह निर्वेध येतो, कारण ही सारी 'के'ने जोडलेली नामरूप वाक्ये आहेत. 'स्येंप्रे के' या अव्ययात तर अर्थ बदलला की आशय बदलतो : स्वार्थ असेल तर 'जेव्हा जेव्हा', भविष्याकडे पाहणारा सब्जंक्टिव्ह असेल तर बहुधा 'एवढ्या अटीवर की'. 'कोमो येगेस तार्दे, नो ते एस्पेरो' यात 'कोमो' आणि सब्जंक्टिव्ह मिळून धमकी होते : 'उशीर करून तर बघ, मी थांबणार नाही!' आणि क्रियारूपाची निवडच टाळायची असेल, तर 'दे आबेर्लो साबीदो' अशी 'दे'सह धातुसाधिताची रचना आहे. मराठीतील 'ते आधी कळते तर' या रचनेइतकी ती आटोपशीर आहे.

समारोप

स्पॅनिश संकेतार्थी वाक्यातील अर्थाची निवड म्हणजे खरे आणि खोटे, किंवा खात्री आणि शंका यांतील निवड नव्हे. वक्ता अटीपासून किती अंतरावर उभा आहे, ते ती निवड सांगते. अट तो हाती घेऊन बोलतो तेव्हा स्वार्थ येतो. ती दूर ठेवतो तेव्हा भूतरूपी सब्जंक्टिव्ह येतो. ती कायमची गेली असेल तर आणखी एक पाऊल मागे पडते. हे अंतर मोजण्याचे मराठीचे माप वेगळे आहे. मोकळ्या अटीत ते अधिक बारीक आहे, कल्पित अटीत अधिक ठोकळ. अनुवादकाने आणि शिक्षकाने 'जर-तर'ची जोडी जुळवून समाधान न मानता मूळ वाक्याची पायरी आधी निश्चित करावी, आणि नंतरच मराठी रूप शोधावे. तसे झाले तर आरंभीच्या निरोपातील पाहुणा येणार आहे की नाही, हे मराठी वाचकालाही यजमानाइतकेच स्पष्ट कळेल.